ब्राह्मणपुरीचा तांबडा आकडा

परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय मग, खान्देश कसा वाटला?" मी वांग्याच्या भरताचं वर्णन करते, केळीच्या बागांचं करते, तापीचं करते आणि एक गोष्ट सांगायची टाळते. प्राध्यापकांना दिलेल्या अहवालातही मी ती दीड ओळीत उरकली आहे. इथे ती टाळायची नाही असं ठरवून बसले आहे, कारण ती वगळली तर या प्रवासात सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

मी पुण्याला डॉक्टरकीच्या मुलांना शरीरक्रियाशास्त्र शिकवते. कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, ती नस सगळ्यांच्या ओळखीची आहे. त्या नसेतून संदेश किती वेगाने धावतो हे मोजायचं यंत्र आमच्याकडे नुकतंच आलं होतं. आधी मनगटाशी आणि मग कोपराशी विजेचा बारीक झटका द्यायचा, हाताचा स्नायू किती वेळाने दचकतो ते पडद्यावर बघायचं, मधलं अंतर टेपने मोजायचं आणि भागाकार करायचा. उत्तर येतं सेकंदाला इतके मीटर. पण आलेला आकडा बरा की वाईट हे ठरवायला निरोगी माणसांचे आकडे हाताशी लागतात, आणि पुस्तकात होते ते सगळे गोऱ्या लोकांचे. महारोग नेमकी हीच नस लवकर धरतो. तो वेळेवर ओळखता यावा म्हणून आमच्या प्राध्यापकांना आधी आपल्या शेतकऱ्या-कष्टकऱ्यांचा, धडधाकट माणसांचा तक्ता हवा होता. तो करायला त्यांनी मला पाठवलं. एका विद्यार्थ्याच्या ओळखीने शहाद्याकडचं ब्राह्मणपुरी हे गाव ठरलं.

नंदुरबार, सोमवार

नंदुरबार आधी नाकाला भेटतं. गाडीतून उतरले आणि लागोपाठ नऊ शिंका आल्या. माझ्याबरोबर यंत्र सांभाळायला साळवी होते, मूळचे रत्नागिरीचे, रेडिओ दुरुस्तीत केस पिकलेले. त्यांच्या शिंका मोजायला मी थांबले नाही. आमच्या पेट्या उचलणारा हमाल मात्र खुशाल होता.

"बाई, पदर नाकले लावा," तो म्हणाला. "नंदुरबार शे हाई."

गावाबाहेर पडलो तेव्हा कारण दिसलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नजर पोचेल तिथवर मिरच्या वाळत घातलेल्या, आणि त्यांच्यात बसून बाया देठ खुडत होत्या. आमच्याकडे मिरची म्हणजे कागदाच्या पुडीतली गोष्ट. इथे ती जमीन झाकते. मी खूश होते. जानेवारीचा महिना होता, महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षंच झाली होती, सगळीकडे काहीतरी नवं मोजायचा, बांधायचा उत्साह होता आणि त्यातला माझा वाटा माझ्या मांडीवर एका पेटीत होता.

त्या पेटीनेच घात केला. तापीच्या पात्रात वाळूवर पाचट पसरून वाट केली होती आणि पाण्याच्या धारेपुरता दोन होड्यांवर फळ्या ठोकलेला तराफा होता. जीप तराफ्यावर चढताना अशी उसळली की पेटी माझ्या मांडीवरून उडून फळीवर आदळली. यंत्राचे भाग बचावले. कातडीचं तापमान मोजायची काचेची नळी मात्र फुटली.

साळवी म्हणाले, "बाई, धुळ्याला तार करून दुसरी मागवू या. दोन दिवसांत येईल."

मी म्हणाले, "खान्देशात आलोय साळवी, काश्मिरात नाही. इथे कुणाचे हात गारठणार आहेत?"

तेव्हा मी स्वेटर घातलेला होता. साळवींनी त्या स्वेटरकडे एकदा बघितलं.

ब्राह्मणपुरी, मंगळवार

आमचे यजमान नथ्थूभाई. यांचे पूर्वज कधीकाळी गुजरातेतून येऊन इथे शेतीवर स्थिरावले. ऊस, कापूस, केळी, मिरची, काय नाही त्यांच्याकडे! घर ऐसपैस, माणसं मोकळी, आग्रह करण्यात पुण्याला धडे देतील अशी. सोमवारी रात्री पोचलो तेव्हा जेवायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं. मी दोन भाकऱ्यांवर थांबले तर नथ्थूभाईंच्या बायकोला, हिराबेनना, काळजी वाटली.

"इतलंसं खाईसन तुम्ही काम कसं करतस?" त्यांनी विचारलं.

आम्ही कशासाठी आलोय ते मी समजावून सांगितलं. महारोगाचं नाव निघताच नथ्थूभाईंनी पागोटं सारखं केलं. "आम्हना गावमा कोनलेबी काही रोग नही. बठा आकडा चांगलाच येतीन, दखा तुम्ही."

"मला चांगलेच आकडे हवेत," मी म्हटलं. तेव्हा ते हसले. पण त्यांच्या घरचे आकडे आता गावाच्या अब्रूचा प्रश्न झाले आहेत हे मला कळायला हवं होतं.

गावात वीज नव्हती. मंगळवारी सकाळी साळवींनी आमचं वीज करायचं इंजिन केळीच्या बागेपलीकडे नेऊन ठेवलं, म्हणजे त्याचा थरथराट पडद्यावर यायचा नाही, आणि अर्थिंगसाठी तांब्याची पट्टी बागेच्या ओल्या पाटात पुरली. ओसरीवर यंत्र लागलं. पहिले नथ्थूभाई बसले. झटका बसला तसे दचकले आणि मग खो खो हसले. त्यांच्यामागून घरचे, गडी, शेजारी असे सगळे बसले. आकडे येत होते ते पन्नासच्या वरचे, पुस्तकाच्या अगदी जवळचे. मला नाचावंसं वाटत होतं.

मग सोनबाई आली. नथ्थूभाईंचा धाकटा भाऊ जगन शहाद्याला कचेरीत कारकून होता, त्याची ही बायको. पस्तिशीची, काटक, घरच्या मिरचीचं सगळं काम तिच्या देखरेखीखाली चाले. मी बोलावलं तेव्हा ती मागच्या अंगणातून लगेच आली नाही, आवाज आला.

"थांबा जराशी. मिरचीना हात शेतस, तुमना डोयामा जाई."

मला कौतुक वाटलं. बऱ्याच वेळाने ती आली. मी तिचा हात स्पिरिटने पुसला, यंत्राच्या पट्ट्या बांधल्या आणि झटका दिला. आकडा आला एकेचाळीस.

मी पट्ट्या सोडून पुन्हा बांधल्या. एकेचाळीस. तिसऱ्या वेळी चाळीस आणि थोडं. दुसरा हात, तीच कथा. ओसरीवरची थट्टामस्करी थांबली होती, कारण दुसऱ्या कुणालाही मी दुसऱ्यांदा झटका दिला नव्हता. सोनबाई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिच्या हातांवर चट्टे शोधले, नव्हते. कोपराजवळची नस चाचपली, जाड नव्हती. कापूस फिरवला, तो तिला कळला. एवढं सगळं ठीक असताना एखाद्या शहाण्या माणसाने आकड्यावर शंका घेतली असती. मी सोनबाईवर घेतली. यंत्र खोटं बोलत नाही, हा माझा तेव्हाचा बाणा होता. वहीत तिच्या नावापुढच्या आकड्याभोवती मी तांबड्या पेन्सिलीने गोल केला आणि तिला म्हटलं, "उद्या सकाळी परत ये."

वही मेजावर उघडी टाकून मी हात धुवायला गेले. परत आले तेव्हा रजेवर घरी आलेला जगन मेजापाशी उभा होता.

"बाई," तो कचेरीतल्या शुद्ध भाषेत म्हणाला, "एवढ्या नावांत हा एकच तांबडा गोल कशासाठी?"

बुधवार

बुधवारी सकाळी सोनबाई आली ती उजळलेल्या चेहऱ्याने. "आज बेस धुईसन उनू शे," ती म्हणाली. हात इतके छान धुऊन आल्याबद्दल मी तिला शाबासकी दिली. आज ते आठवलं की माझ्याच थोबाडीत दोन ठेवून द्याव्याशा वाटतात.

आकडा आला एकोणचाळीस.

नथ्थूभाई मला बाजूला केळीच्या बागेत घेऊन गेले. मंगळवारचा त्यांचा आवाज आज नव्हता. सोनबाईची मुलगी विमल, तिचा साखरपुडा दुसऱ्या दिवशी दुपारी होता. तळोद्याहून मुलाकडची मंडळी यायची होती.

"बाई, खरं सांगा. रोग शे का नही?"

मी डॉक्टरांचं हुकमी वाक्य बोलले. "आत्ताच काही सांगता येणार नाही."

पुण्यात या वाक्याचा अर्थ असतो, आणखी तपासण्या करू. ब्राह्मणपुरीत त्याचा अर्थ झाला, रोग आहे पण बाई भिडस्त आहेत. नथ्थूभाईंनी मान डोलावली आणि पाठ फिरवली. मी त्यांना हाक मारली नाही.

दुपारच्या जेवणाला सोनबाई वाढायला आली नाही. चुलीपाशी हिराबेन एकट्याच होत्या. "दोन दिन आराम कर तू, सोन," त्या आतून मायेने म्हणत होत्या. मागच्या दाराच्या उंबऱ्यापलीकडे एक ताट आणि एक पोचा पडलेली पितळी लोटी वेगळी मांडली होती. हिराबेननी माझ्या पानात तूप वाढलं. विमल भिंतीला टेकून बसली होती आणि कुणीच तिच्याशी बोलत नव्हतं.

संध्याकाळी साळवींनी बातमी आणली. उद्या सकाळी दहाच्या मोटारीने जगन तळोद्याला जाणार आणि घरात आजारपण आहे असं सांगून पाहुण्यांना थांबवणार. असं थांबलेलं लग्न या भागात पुन्हा उभं राहत नाही, आणि कारण चार दिवसांत गावोगाव होतं. मी साळवींवर चिडले, "मग मी काय करू? आकडा बदलू?"

"आकडा कसा बदलणार," साळवी म्हणाले. "पण माझा रेडिओ खरखर करतो तेव्हा मी गाणारीला दोष देत नाही. आधी तारा बघतो."

मी त्यांना गप्प बसायला सांगितलं. माझा स्वभाव हा असा आहे.

गुरुवार

सकाळी उठून मागच्या अंगणात गेले. सोनबाई मिरचीच्या ढिगापाशी एकटीच देठ खुडत बसली होती. कामकरी बायांना आज येऊ नका म्हणून निरोप गेला होता. थंडी चांगलीच बोचत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले. मीही एक मिरची उचलली.

"माले सांगा," मान वर न करता ती म्हणाली. "मन्ही पोरनं काय व्हई?"

मी मिरच्या खुडत राहिले. आपल्या हातून काही बरं होत नाही तेव्हा निदान हात चालू ठेवावेत, एवढाच विचार होता. पाच-दहा मिनिटांत बोटं चुरचुरायला लागली आणि मग मनगटापर्यंत अशी आग झाली की डोळ्यांत पाणी आलं. सोनबाईने बघितलं. इतकं होऊनही ती उठली आणि रात्रभर उघड्यावर राहिलेलं ताकाचं मडकं माझ्यापुढे सरकवलं.

"ताकमा घाला हात. कोपरपावोत. नुसता धुवाथिन मिरची जास नही."

मी हात घातले. बर्फासारखं गार ताक! आग ओसरली आणि इतकं बरं वाटलं की हात काढवेनात.

"किती वेळ ठेवायचे?"

"आग थांबस तोपावोत. मी तं दोन्ही दिन तुमनाकडे येवाना पहिले अशीच बसनू. काल तं जास्तीच बसनू. तुमना डोयामा नको जावाले म्हणीसन."

मी हात बाहेर काढले, पुसले आणि खांद्यावरच्या पदराची सुटलेली पिन लावायला गेले. पिन बोटांत धरवेना. बोटं आपली नाहीतच असं वाटत होतं. आणि मग मला तराफ्यावर फुटलेली ती काचेची नळी आठवली.

गार नसेतून संदेश हळू धावतो. हे पुस्तकात आहे. हे मी दर वर्षी वर्गात फळ्यावर लिहिते. माझ्या डोळ्यांची काळजी करून ही बाई दोन दिवस ताकात हात घालून बसली होती, आणि मी तिच्यावर तांबडा गोल ओढला होता. स्पिरिटने माझीच बोटं गारठलेली, मग तिचा हात गार आहे हे मला कुठून कळणार! मला इतकी लाज वाटली की क्षणभर गुपचूप सामान आवरून निघून जावं असं मनात आलं.

नऊ वाजून गेले होते. जगन धुतलेला सदरा घालून ओसरीच्या पायऱ्या उतरत होता.

"जगनराव, थांबा!" मी ओरडले. "मला आणखी एक माणूस तपासायचंय."

"आता कोण राहिलंय?"

"मी."

इंजिन सुरू होईना. साळवी बागेपलीकडून शिव्या घालत होते, इंजिनाला की मला ते कळलं नाही. तोवर मी ताकाचं मडकं ओसरीवर आणून सगळ्यांदेखत पुन्हा कोपरापर्यंत हात बुडवून बसले. नथ्थूभाई, हिराबेन, विमल, सगळे भोवती जमले. बाईचं डोकं फिरलं असं त्यांना वाटलं असेल. लांबून मोटारीचा भोंगा ऐकू आला तसा जगन दाराकडे निघाला. तेवढ्यात इंजिन धडधडलं.

साळवी धावत आले आणि त्यांनी माझ्या हाताला पट्ट्या बांधल्या. टेप मी सोनबाईच्या हातात दिली. ती धरायला तयार होईना, आणि का होत नव्हती ते सगळ्यांनाच कळत होतं. मी तिचं मनगट पकडून टेपचं टोक माझ्या कोपरावर ठेवायला लावलं. पुण्यात याच यंत्रावर मी माझा हात कितीदा तरी तपासला होता; माझा आकडा पंचावन्नच्या खाली कधी आलेला नव्हता.

"जगनराव, तुम्हाला आकडे वाचता येतात. भागाकार तुम्हीच करा आणि मोठ्याने वाचा."

त्याने कागदावर भागाकार केला. मग पुन्हा केला. "त्रेचाळीस," तो म्हणाला.

"काल तुमच्या बायकोचं ताट उंबऱ्याबाहेर गेलं," मी म्हणाले. "माझं आज कुठे ठेवणार?"

मी हिराबेनकडे ऊन पाणी मागितलं. त्यांनी चुलीवरचा हंडाच आणला. सोनबाई आणि मी समोरासमोर बसलो आणि एकाच घंगाळात हात घातले. तिचे हात कोपरापर्यंत लाल होते. बाहेर मोटार थांबली, दोन भोंगे वाजले. जगन दारात उभा होता. मोटार निघून गेली आणि तो हलला नाही. आम्ही पाणी दोनदा बदललं. आत्ता तिचा आकडा वर आला नाही तर काय, एवढंच डोक्यात होतं.

माझा आकडा आला छप्पन्न. मग सोनबाई बसली. जगननेच भागाकार केला आणि तो वाचण्याआधीच खाली बसला. चोपन्न.

हिराबेन रडायला लागल्या. नथ्थूभाई पागोटं काढून कपाळ पुसत म्हणाले, "मी पहिलेच सांगं व्हतं!" बुधवारी बागेत त्यांनी असं काही सांगितलेलं नव्हतं, पण मी मान डोलावली. मग मी सोनबाईपुढे हात जोडले आणि चूक माझी होती, तुझ्या हातांची नव्हती, असं सर्वांना ऐकू जाईल असं म्हटलं. ती उठली, चुलीपाशी गेली आणि पीठ मळायला बसली, कारण पाहुणे दुपारी येणार होते.

आले. साखरपुडा झाला. मी तुरीच्या डाळीचे वाफवलेले फुनके आणि कढी पोटभर खाल्ली.

परत

पुढचे चार दिवस आम्ही सगळं पहिल्यापासून केलं. मंगळवार-बुधवारची पानं रद्द केली आणि प्रत्येकाचे हात आधी ऊन पाण्यात ठेवले. नथ्थूभाई दुसऱ्यांदाही दचकले आणि दुसऱ्यांदाही हसले. तक्ता चांगला झाला. प्राध्यापक खूश आहेत.

निघायच्या दिवशी जीपमध्ये पेट्या चढत होत्या, तेव्हा सोनबाई पाण्याची लोटी घेऊन आली. हिराबेननी ती उंबऱ्याबाहेरची लोटी केव्हाच घासूनपुसून बाकीच्यांत मिसळून टाकली होती. पोच्यावरून मी ओळखली. तिनेही त्यावरूनच शोधून काढली असणार.

"बाई, एक इचारू?"

"विचार ना."

"हात गरम करीसनबी आकडा कमीच उना असता तं?"

उत्तर मला पाठ आहे. लवकर कळला तर हा रोग गोळ्यांनी बरा होतो, ताट वेगळं करायची गरज नाही, त्यासाठीच तर हा सगळा तक्ता. ते सगळं जिभेवर आलं. मग माझी नजर दारात उभ्या असलेल्या हिराबेनवर गेली, ओट्यावर बसलेल्या जगनवर गेली, आणि मला बोलवेना. बुधवारी बागेत हे सांगायची वेळ होती. तेव्हा मी ते नथ्थूभाईंना सांगितलं नव्हतं.

सोनबाईने लोटी पुढे केली.

"प्या पाणी," ती म्हणाली. "वाट लांब शे."

या घरात मी आठवडाभर सगळ्यांसारखं वरून पाणी प्यायले होते. त्या दिवशी लोटीला तोंड लावून प्यायले. ती घेऊन सोनबाई आत गेली, घासून घेऊन आली, पुन्हा काठोकाठ भरली आणि ओट्यावर जगनपुढे नेऊन ठेवली. स्वतः बाजूला उभी राहिली.

साळवींनी जीपचं दार लावलं. जगन त्या लोटीकडे बघत होता. गाडी केळीच्या बागेशी वळेपर्यंत मी मान वळवून पाहत राहिले. तोवर त्याने ती उचलली नव्हती.